पावणाईच्या तोंडावरचं ऊन

शहाऐंशी सालच्या माघात आमच्या उंबरखोलात ऊन असं तापलं होतं की कातळावरून चालताना माणसाची सावली त्याच्याच पायाखाली घुसायची आणि दिवस कलल्याशिवाय बाहेर यायला तयार नसायची. माझा मोत्या कुत्रा तर विहिरीच्या काठावर बसून पाण्यातल्या आपल्या प्रतिबिंबाचा हेवा करी. पण उन्हापेक्षा गाव तापलं होतं ते एका भांडणाने. शिवरात्र महिन्यावर आली होती आणि पावणाईची अबदागिरी कुणी धरायची हे ठरत नव्हतं.

दर शिवरात्रीच्या यात्रेत आमच्या पावणादेवीची पालखी तीन कोस चालत कुणकेश्वरला समुद्रस्नानाला जाते. पालखीच्या बाजूने एक माणूस अबदागिरी घेऊन चालतो. अबदागिरी म्हणजे पुरुषभर उंच काठी आणि तिच्या टोकाला कलाबतू भरलेली मखमलीची मोठी गोल ढाल. हा मान वरच्या घराचा. घरातल्या थोरल्याने धरायची, थोरला गेला की त्याच्या थोरल्या मुलाने. गेली सतरा वर्षं गुरुदासने धरली. भाद्रपदात गुरुदास गेला. त्याला मुलगा एकच, सत्यवान. वय चोवीस.

सत्यवान बुटका, मानेने आखूड, डोळे तिरके, बोलणं सावकाश आणि हसणं झटकन. गावातल्या माणसांना तो त्यांच्या कुत्र्यांवरून ओळखायचा. मी त्याच्या लेखी 'मोत्याचो बाळा'. आमचे गावकर, म्हणजे देवस्थानचे पहिले मानकरी, ज्यांच्यापुढे अख्खा गाव खाली मान घालून बोले, ते 'टायगराचो भाई'. गोठ्यातली चार गुरं, शेणगोठा, गवताचे भारे सगळं तो बघायचा. पण त्याला आमच्याकडे 'येडो' म्हणत. कुणाला फारच माया आली तर 'देवाचा माणूस' म्हणत. दोन्हींचा अर्थ एकच होता: घरात बसवा.

हे बदललं कावेरीअक्कामुळे. अक्का आमच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. तिने वर्गात 'बसा' म्हटलं की रस्त्याने जाणारी म्हैससुद्धा बसायची. तिची मुलगी लीला सत्यवानासारखीच. अक्का तिला घेऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेली. तिथल्या डॉक्टरने त्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात हे सांगितलं, हा रोग नव्हे, शरीराच्या प्रत्येक पेशीत एक गुणसूत्र जादा असतं हेही सांगितलं, आणि तिथल्या आईबापांच्या मंडळाशी गाठ घालून दिली. परत आल्यावर अक्काने हे सगळं देवळात बायकांना समजावलं. आमचा म्हातारा बाबू गुरव खांबाला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "एक जादा? मगे ही पोरां आमच्यापेक्षा एकान फुडे! आमी इतकी वर्सां उलटाच समाजलव."

अक्काला मंडळ काढायचं होतं. मंडळ कचेरीत नोंदवायला सात सह्या लागतात. आजूबाजूच्या तीन गावांत फिरून तिने स्वतःचं घर धरून अशी सहा घरं शोधून काढली. घरं सापडली, मुलं सापडेनात. एक मुलगा माजघराच्या दाराआड, एक मुलगी गवताच्या माळ्यावर. पाहुण्याची चाहूल लागली की आत जायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं, आणि ते मात्र ती न चुकता करत. अक्का ओसरीवर बसून राही. कोरा चहा पिई, दुसरा कप मागे, तिसरा मागे. शेवटी घरातला गूळ संपला की मूल बाहेर येई.

सातव्या सहीसाठी ती माझ्याकडे आली.

"माझ्या घरात पोर नाय गो, कुत्रो आसा," मी म्हटलं.

"बाळाकाका, खाडीतल्या तरीवर तिकिटं फाडताना तुम्ही तीस वर्षं उतारूंना थापा मारल्यात ना?"

"जरा जरा."

"मग कचेरीत न थांबता बोलणारा माणूस मला हवाय. सही करा."

अशी माझी सही पडली. मंडळाचं नाव 'सोबत'. दर शनिवारी शाळा सुटली की पडवीत आमचा वर्ग भरे. पोरं शर्टाची बटणं लावायला शिकत, माडाच्या झावळ्यांचे झाप विणत, दुकानात जाऊन मीठ मागून आणत. सत्यवान पहिल्या शनिवारी दाराशी उभा राहिला, दुसऱ्या शनिवारी आत आला आणि तिसऱ्या शनिवारपासून बाकीच्यांना घरोघर जाऊन घेऊन येऊ लागला.

तर भांडण. सत्यवानाचा सख्खा चुलता शिवा माणूस वाईट नव्हता. गुरुदास गेल्यावर त्याने भावजयीच्या शेतात पहिला नांगर घातला आणि मग स्वतःच्या. पण कुणकेश्वरला चाळीस गावांच्या पालख्या जमतात, आणि त्या चाळीस गावांपुढे आपल्या घराचं हसं होईल या विचाराने त्याची झोप उडाली होती. त्याने देवळात गावकी बसवली. सकाळची वेळ. भाई गावकर मधल्या खांबाशी, मानकरी ओळीने, बायका पायरीखाली.

"मान घराचो आसा, तो घरातच ऱ्हवांदे," शिवा म्हणाला. "मी धरतंय. सत्यवानाक तीन कोस चलाचा जमाचा नाय. मदीच खाली टाकल्यान तर? देवीचो अपमान. लोक काय म्हणतीत?"

सत्यवानाची आई सुभद्रा पायरीवरून म्हणाली, "भावोजी, तो रोज दोन भारे गवत डोंगरावरसून हाडता. तेवा लोक काय म्हणतत?"

कुणीतरी हसलं. भाईंनी हात वर केला. "वाद नको. देवीक कौल लावया."

कौल म्हणजे गुरवाने देवीच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला ओली फुलं लावायची. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. हे होणार याची मला खात्रीच होती. म्हणून मी तपकिरीच्या डबीत कोवळ्या फणसाचा चीक घेऊन गेलो होतो. डाव्या फुलाला एक थेंब लावला असता तर ते पुढच्या शिवरात्रीपर्यंत पडलं नसतं. मी हळूच गुरवाच्या बाजूला सरकू लागलो, तेवढ्यात अक्काने विचारलं, "काका, डबीत काय?"

"तपकीर."

"माश्या कशाला चिकटल्यात तिला?"

तिने डबी माझ्या हातातून काढून घेतली आणि पदराखाली लपवली. मग ती पायरी चढून वर आली. बाई गावकीत वर आली, हे उंबरखोलात पहिल्यांदा घडलं. देवळाच्या घंटेने आपण होऊन एक ठोका दिला असं मी पुढे खूप जणांना सांगितलं आहे.

"भाई, कौल कशासाठी?" अक्का कचेरीतलं मराठी बोलू लागली की समजायचं, आता ती बसणार नाही. "गुरुदासभाऊंच्या वेळी कौल लावला होता?"

"नाय."

"त्यांच्या वडिलांच्या वेळी?"

"नाय. ते थोरले होते."

"सत्यवान थोरला नाही का? थोरल्याने धरायची हा नियम तुमचाच आहे. त्यात हुशार थोरला, देखणा थोरला, असं कुठे लिहिलंय? मग याच्याच वेळी देवीला का त्रास?"

भाई मिशीवरून हात फिरवू लागले. भाईंची मिशी अशी की तिच्यावरून हात फिरवून होईपर्यंत माणसाला सगळा विचार करून घेता येई. शेवटी म्हणाले, "बरा. कौल नको. ह्या वर्सा सत्यवानान धरूची. शिवा वांगडा, हेच्या बाजूक चलतलो. पण थंय पोचून देवीचा न्हाणा होयपर्यंत मदी खंय अबदागिरी खाली ठेवल्यान, की शिवान घेवची. आणि मगे मान कायमचो शिवाच्या घराक. मंजूर?"

अक्काचा चेहरा लाल झाला. "ही अट इतर कुणाला घातली होती का? पुन्हा परीक्षा फक्त–"

"मी धरतलंय."

सगळ्यांनी वळून बघितलं. सत्यवान आईच्या मागून उठून उभा राहिला होता. "माजी आसा ती," तो म्हणाला. "बाबाची, मगे माजी. मी धरतलंय, टायगराचो भाई."

गावकराला तोंडावर कुत्र्याच्या नावाने हाक! आणि भाई, ज्यांना मी चाळीस वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं, त्यांनी पटकन पंचा तोंडावर धरला. "धर," ते पंच्याआडून म्हणाले.

पुढचे चार शनिवार मंडळाने दुसरं काही केलं नाही. बांबूच्या काठीला सूप बांधून अबदागिरी केली. देव हवा म्हणून मला शाळेच्या खुर्चीत बसवलं. चार बाप खुर्ची उचलत आणि दर वीस पावलांवर देव फार खातो म्हणून तक्रार करत. लीला पत्र्याचा डबा वाजवी. डबा थांबला की थांबायचं, वाजला की चालायचं. पहिल्या दिवशी सत्यवानाचे दंड ओढ्याच्या अलीकडेच भरून आले. अक्काने काठीला हात धरायच्या दोन जागा सुतळी गुंडाळून ठरवून दिल्या: हा हात थकला की तो वर, तो थकला की हा. दुसऱ्या शनिवारी ओढा गाठला, तिसऱ्या शनिवारी ओढा ओलांडून परत. मी वरून "शाबास रे, आणखी थोडा!" असं ओरडलो, तर सत्यवान थांबला आणि मला म्हणाला, "देव बोलत नाय. गप ऱ्हव."

त्यानंतर मी तो आणि पुढचा शनिवार गप्प राहिलो. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी तपश्चर्या.

यात्रेच्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी ढोल वाजला आणि पालखी उठली. पालखीत पावणाईचा चांदीचा मुखवटा, हिरवी साडी, अबोलीची वेणी. पुढे भाई, मागे आम्ही. मंडळाची सातही घरं आली होती, सहा पोरांसकट आणि सातवं माझं, मोत्यासकट. पोरांना असं सगळ्यांसमक्ष घेऊन चालायची आईबापांची पहिलीच वेळ. काहींच्या माना आपोआप खाली जात होत्या. अक्का मागून येऊन एकेकाच्या पाठीत बोट खुपसत होती.

सत्यवान पालखीच्या उजवीकडे उभा राहिला. अबदागिरीची जागा उजवीच. मान उजवा, असं आमच्याकडे पोरसुद्धा सांगेल. शिवा त्याच्या खांद्याला खांदा लावून चालत होता. पहिला अर्धा कोस कसा छान गेला. मग सूर्य डोंगरावर आला, आणि पाणंदीच्या वळणावर सत्यवान सरळ पालखीच्या मागून फिरून डावीकडे गेला.

"रे, उजवीकडे!" शिवाने त्याला दंडाला धरून परत आणलं.

दहा पावलं झाली नाहीत तो सत्यवान पुन्हा डावीकडे. शिवाने पुन्हा आणलं. वाट वळली तसा तो आपण होऊन उजवीकडे आला, आम्ही सुस्कारा सोडला, पुढच्या वळणाला तो पालखीच्या मागे. वाटेत दुसऱ्या गावांच्या पालख्या मिळत होत्या. त्यांच्या अबदागिऱ्या शिस्तीत उजव्या खांद्यावर कलत्या. आमची मात्र पतंगासारखी पालखीभोवती घिरट्या घालत होती. एका पालखीचे भोई हसायला लागले, इतके की त्यांच्या देवाला उचक्या लागल्यागत झालं.

"तुमचो अबदागिरीवालो वाट चुकलो काय रे?" त्यांच्यातला एक ओरडला.

शिवाच्या कपाळाची शीर उडू लागली. "बगलात भाई? ह्या मी सांगी होतंय!"

भाई माझ्याकडे वळले. "बाळा, चार शनवार तुमी हेका काय शिकयलात? उजवा-डावा तरी शिकवचा!"

मला उत्तर सुचेना. मला! सुभद्रा पुढे बघून चालत होती. अक्काने लीलाचा हात इतका आवळला होता की लीला म्हणाली, "आये, दुखता."

दीड कोसावर पालखीचा वड लागतो. तिथे पालखी पारावर ठेवतात, भोई घाम पुसतात, चहा होतो. अबदागिरी वडाच्या बुंध्याला टेकून ठेवायची रीत. शिवाने सत्यवानापुढे चहाचा पेला धरला. त्याच्या मनात कपट होतं असं मी म्हणणार नाही. घामाघूम झालेल्या पुतण्याला चहा द्यावा एवढंच असेल. पण अट सगळ्यांच्या डोक्यात होती.

"ठेव रे जरा. चाय घे."

"नाय."

"अरे, बुंद्याक टेकव. हात बग कसे थरथरतत."

"नाय."

सुभद्राने पेला घेतला आणि त्याच्या तोंडाला लावला. तो चहा प्यायला, पण नजर पालखीवरून हलली नाही. वडाच्या पानांतून उन्हाचा एक कवडसा खाली येत होता. वाऱ्याने फांदी हलली की तो सरके, आणि तो सरकला की सत्यवानही एक पाऊल सरके.

भाई अक्काला म्हणाले, "बाई, तो असो फिरता कित्याक?"

"तो इथेच उभा आहे, भाई," अक्का म्हणाली. "त्यालाच विचारा."

सत्यवानाबद्दल भाई चोवीस वर्षं त्याच्या बापाला, आईला, चुलत्याला विचारत आले होते. आता ते उठून त्याच्यासमोर गेले आणि दोन्ही हात पाठीशी बांधून, शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले.

"सत्यवाना, तू फिरतंस कित्याक?"

सत्यवानाने त्यांच्याकडे पाहिलं. इतकं साधं कसं कळत नाही, असं ते पाहणं.

"ऊन."

"खंयचा ऊन?"

सत्यवानाने अबदागिरी हातभर बाजूला केली. वडातून आलेलं ऊन पावणाईच्या चांदीच्या मुखवट्यावर पडलं आणि तिथून असं उसळलं की भाईंनी डोळ्यांवर हात घेतला. माझ्या मते त्यांच्या मिशीची दोन टोकं तेव्हाच करपली, ती ते पुढे कातरून घेत.

"पावणाईक लागता," सत्यवान म्हणाला, आणि अबदागिरी परत जागेवर आणली. देवीचं तोंड सावलीत गेलं.

बाबू गुरव काठी टेकत पुढे आला. त्याने पालखीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, अबदागिरीकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

"अरे, ती सावलेसाटीच असता मा! हेच्या पणज्यान अशीच धरल्यान. मी ल्हान होतंय, माका याद आसा. तो वाटभर देवीभोवती फिरी. मगे केवा थांबला ता... आमी नुसती शोभेक घेवन चलतव. चाळीस वर्सां देवी उनात भाजता, आणि एकाक पत्तो नाय!"

"मगे मान उजवो, ही गजाल कोणी काढल्यान?" भाईंनी विचारलं.

कुणाला माहीत नव्हतं. तरीवर येणाऱ्याजाणाऱ्यांना मी बऱ्याच गोष्टी सांगितल्या आहेत, त्यात ही एक असू शकेल. मी मोत्याला चुचकारू लागलो.

सुभद्रा सकाळपासून पहिल्यांदाच बोलली. "ह्येच्या बापाशीन शिकयल्यान हेका. अंगणात, तुळशीभोवती, पावसातला इरला घेवन. सूर्य हंय इलो की तू थंय, वाट वळली की तू वळ. त्येंका ठावक होता."

"मगे गुरुदास सोता कसो नाय फिरलो सतरा वर्सां?" शिवाने विचारलं.

"लोक हसतीत म्हणान," सुभद्रा म्हणाली.

शिवाने पुतण्याकडे पाहिलं. मघाचे हसणारे भोई त्यालाही आठवले असावेत. सत्यवानाला त्या हसण्याचं काही नव्हतं. त्याने ते ऐकलं होतं, एकदा त्यांच्याबरोबर हसलाही होता, आणि पुढच्या वळणावर पुन्हा ऊन अडवायला गेला होता.

भाईंनी पंचा कमरेला कसला. ढोल वाजला. आणि त्या वडापासून पुढे आमची पालखी कशी चालली म्हणून सांगू! उंबरखोलचे पहिले मानकरी भाई गावकर दोन्ही हात पसरून गर्दी हटवत पुढे धावत होते. "बाजूक व्हा! आमच्या अबदागिरीक फिराक जागा दिया! दिसत नाय, देवीक ऊन लागता!" वळण आलं की चारही भोई पावलं आखडून सत्यवानाला मागून जायला वाट देत. ढोलवाल्याने त्याच्या फेऱ्यांवर ठेका धरला. मंडळाची पोरं त्या ठेक्यावर नाचू लागली, आणि माना खाली घातलेले आईबाप कधी वर बघू लागले ते त्यांनाही कळलं नसेल. मघाची हसरी पालखी आम्हाला टेकाडावर पुन्हा भेटली. त्यांचा एक म्हातारा मानकरी बराच वेळ बघत राहिला, मग आपल्या अबदागिरीवाल्याच्या टाळक्यात टपली मारून म्हणाला, "बग! आणि तू काय झाडू खांद्यार घेवन चलतंस?"

कुणकेश्वरची वाळू लागली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. सत्यवानाने अबदागिरी दोन्ही हातांनी सरळ उंच धरली. चाळीस गावांच्या चाळीस देवांनी त्या किनाऱ्यावर एकाच देवीचं तोंड सावलीत बघितलं. बाकीच्यांच्या मनात काय आलं असेल ते देवच जाणोत.

आता फक्त समुद्र उरला होता. पालखी कमरेएवढ्या पाण्यात नेतात. लाटांत भरल्या अंगाची माणसं कोलमडतात. अबदागिरी पडली तर अट आहेच. शिवा कुणी न सांगता सत्यवानाच्या मागे गेला आणि दोन्ही हातांनी त्याची कंबर धरली. "भिया नको," तो म्हणाला, "मी आसंय."

लाट आली. विजयदुर्गाच्या बुरुजाएवढी होती. बरं, तुम्हाला पटत नसेल तर निम्मी करा. भोई डगमगले, पालखी तिरपी झाली, किनाऱ्यावर बायकांनी किंकाळी फोडली. फेस ओसरला तेव्हा पालखी उभी, अबदागिरी उभी, सत्यवान छातीपर्यंत भिजून घट्ट उभा, आणि शिवा नाहीसा. त्याचा फेटा तर असा गेला की तीन दिवसांनी आरोंद्याच्या खाडीत एका गरवणाऱ्याच्या गळाला लागला, आणि त्याने तो परत दिला नाही.

सत्यवानाने एका हाताने अबदागिरी छातीशी आवळली, दुसरा हात पाण्यात घातला आणि चुलत्याला काखेत धरून वर काढलं. शिवाच्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं. खोकत खोकत तो पाण्यातूनच ओरडला, "भाई! गाऱ्हाण्यात मानकरी म्हणान माझा नाव घेव नको! त्येचा घे!"

देवी न्हाली. पालखी वाळूत आली. आता गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवाकडे मागणं. भाई समुद्राकडे तोंड करून, हात जोडून उभे राहिले.

"बा देवा कुणकेश्वरा! उंबरखोलची पावणाय तुझ्या दारात न्हावन इली आसा रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळा गाव.

"वरच्या घरातलो गुरुदास गेलो. त्येचो थोरलो झील सत्यवान आज अबदागिरी घेवन तुझ्या म्होरे उभो आसा रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"मान त्येचो आसा, आणि त्येच्याच घराक ऱ्हवतलो. त्येच्या हाताक बळ दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सत्यवान प्रत्येक वेळी सगळ्यांच्या मागून, एकटाच, सावकाश "व्हय महाराजा" म्हणत होता. त्यामुळे त्या दिवशी आमचं प्रत्येक मागणं देवाकडे दोनदा पोचलं.

"आणि चाळीस वर्सां आमी तुझ्या लेकीक उनात भाजलव, ती चूक पोटात घाल रे महाराजा!"

यावर गावकरी जरा अडखळले. पण मागून अक्काचा आवाज असा आला की समुद्राची एक लाट यायची ती बसलीच. "व्हय महाराजा!"

प्रसादाचा नारळ फुटत असताना एक बाई आमच्याजवळ येऊन उभी राहिली. त्या टेकाडावरच्या पालखीच्या गावची. तिच्या पदराआड आठेक वर्षांची मुलगी, आखूड मानेची, आईच्या लुगड्यात तोंड खुपसून. बाई अक्काशी बोलायला आली होती, पण अक्का पोरांची डोकी मोजत होती, म्हणून ती सत्यवानालाच म्हणाली, "तुमचा ता मंडळ... थंय कोणाकय घेतत?"

"व्हय. शनवारी," सत्यवान म्हणाला.

"पण माझ्या चेडवाक ह्या असला काय येवचा नाय रे. धड बोलाक येत नाय. हातात काय धरूक येत नाय."

सत्यवानाने विचार केला. अबदागिरी अजून त्याच्या हातातच होती.

"बसाक येता?"

"बसाक... व्हय, बसाक येता."

"मगे घेवन ये," सत्यवान म्हणाला, आणि खाली वाकून पदराआडच्या मुलीला त्याने महत्त्वाचं तेवढं विचारलं. "तुमच्या कुत्र्याचा नाव काय गो?"